न पाहिलेल्या वर्गाला शिकवताना

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

पुढची महामारी आली तर शाळा किती सज्ज आहेत, याविषयीचा लेख गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आला होता. मी तो दोनदा वाचला. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ‘आता साधने हाताशी आहेत, शिक्षकही तंत्र शिकले आहेत, त्यामुळे शाळा पुन्हा बंद ठेवाव्या लागल्या तरी शिक्षण थांबणार नाही’ अशा आशयाच्या वाक्यापाशी मी अडखळले. कोविडच्या काळात मी एकाच फोनवरून लागोपाठ दोन वर्गांना शिकवले. शिकवणारी तीच, विषय तेच, धडेही जवळजवळ तेच. पहिल्या वर्गाशी माझा धागा शेवटपर्यंत टिकला. दुसरा वर्ग माझ्या हातून निसटला, आणि तो निसटतो आहे हे मला पाच महिने कळलेही नाही. पहिल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी ओळखत होते. दुसऱ्या वर्गातल्या एकाही मुलाला मी पाहिलेले नव्हते. सज्जतेच्या चर्चेत ही गोष्ट कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. २६ वर्षे शिकवते आहे, त्यातली बहुतेक वर्षे चौथीला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे म्हटले आणि त्यानंतर काही दिवसांतच आमची शाळा बंद झाली. त्या दिवशी फळ्यावर भागाकाराचे एक उदाहरण अर्धे झाले होते. घंटा झाली म्हणून मी म्हटले, ‘राहिलेलं उद्या करू.’ पुढे कित्येक महिन्यांनी वर्ग उघडला तेव्हा ते अर्धे उदाहरण तसेच होते, फक्त खडूचा रंग उडाला होता.

तेव्हा वर्गात ३४ मुले होती आणि त्यांच्याबरोबर माझे जवळजवळ अख्खे वर्ष झाले होते. काय करायचे हे आम्हा शिक्षकांना सुरुवातीला कोणीच सांगितले नाही, सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मी हजेरीपटाच्या मागच्या पानावरून ३४ घरांचे नंबर एका वहीत उतरवले आणि रोज सहा-सात घरी फोन करू लागले. व्हिडिओ नव्हे, साधा फोन. एका मुलाशी दहा-बारा मिनिटे.

खिडकीजवळच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. त्याला समजले नसले की तो ‘हो बाई’ फार पटकन म्हणतो. समजलेले असले की आधी थोडा थांबतो आणि मग पुढची पायरी स्वतःच सांगू लागतो. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते, त्याचे त्यालाही माहीत नसणार. वर्षभर रोज समोर बसल्यामुळे ते मला कळले होते. फोनवर त्याचा ‘हो बाई’ झटकन आला की मी उदाहरण पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. एक मुलगी प्रश्न ऐकला की तो स्वतःशी पुटपुटते. ती पुटपुटली नाही तर समजायचे की तिचे लक्ष दुसरीकडे आहे. एरवी एका प्रश्नाला दहा वाक्ये बोलणारा एक मुलगा एके दिवशी नुसता ‘हं’, ‘हं’ करू लागला. मी वही मिटली आणि म्हटले, ‘आईकडे फोन दे.’ आजोबा आदल्या रात्रीपासून रुग्णालयात होते. त्या दिवशी गणित झाले नाही. पण त्या घरचा फोन पुढे एकदाही चुकला नाही.

भागाकार फोनवर शिकवता येतो, यावर माझाही आधी विश्वास नव्हता. ‘वही समोर घे. भाजक कुठे लिहिलास? आता पहिला अंक झाक बघू. सात त्यात किती वेळा जातो?’ असे करत करत मुलाला प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायला लावायची. फोन कानाशी घट्ट धरला की पेन्सिलीचा आवाज ऐकू येतो. तो कुठे थांबला हेही ऐकू येते. वरचा अंक खाली उतरवायच्या ठिकाणी पेन्सिल थांबली, की नेमके तिथे बोलायचे. वर्गात मी बाकांमधून फिरताना हेच करत होते. डोळ्यांनी करायचे ते कानांनी केले एवढेच. पण ते जमले, कारण आवाज ऐकू आला की मला तो बाक दिसायचा, पेन्सिल धरायची त्याची वाकडी पद्धत दिसायची, आणि चूक झाली की तो खोडरबर किती जोरात घासतो तेही दिसायचे.

मग नवे वर्ष सुरू झाले आणि माझ्याकडे ३७ नावांची यादी आली. नाव, जन्मतारीख, पालकाचा नंबर. यापलीकडे त्या मुलांविषयी मला काहीही माहीत नव्हते. या खेपेस मात्र साधने होती. व्हिडिओवर वर्ग भरवायचा, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, स्वाध्यायाचे फोटो पाठवायची सोय, हजेरी भरायचा ऑनलाइन तक्ता. मी प्रशिक्षण घेतले. पडद्यावर लिहायला शिकले, चित्रफिती तयार करायला शिकले. कागदोपत्री पाहिले तर पहिल्या वर्गापेक्षा दुसऱ्या वर्गाला कितीतरी अधिक मिळाले.

सकाळी नऊला ३७ पैकी १५-१६ चौकटी उघडायच्या. बहुतेकांचे कॅमेरे बंद. काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत नाव, तेही बरेचदा वडिलांचे, कारण फोन वडिलांचा. पहिले काही दिवस मी ‘कॅमेरा सुरू करा रे’ म्हणत राहिले. मग एका मुलीने मला एकटीला संदेश पाठवला: ‘बाई, आमची एकच खोली आहे. बाबा रात्रपाळीहून येऊन झोपलेत.’ त्यानंतर मी कॅमेऱ्याचा विषय काढला नाही. तिला तो संदेश लिहायला लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

हजेरीचा तक्ता मी रोज प्रामाणिकपणे भरला आणि तो तक्ता रोज खोटा होता. एका मुलाची चौकट पहिल्यापासून अखेरपर्यंत उघडी असायची, माझ्या हिशेबी शंभर टक्के हजेरी. पुढे कळले की तो वर्ग सुरू करून फोन फडताळावर ठेवायचा आणि धाकट्या भावाला सांभाळायला जायचा, आई-वडील दोघेही कामावर असायचे. दुसरा एक मुलगा माझ्या तक्त्यात महिनोन्महिने गैरहजर. पण वडील रात्री फोन घेऊन घरी आले की साडेदहा-अकराला त्याचे सहा-सात फोटो यायचे, दिवसाचा सगळा अभ्यास केलेला. तो एकटाच, कोणी न शिकवता, पुस्तकातून करत होता. मी त्याच्यासाठी रात्री जागी राहू लागले. त्या वर्षी ज्याच्याशी माझे काही जमले अशी जी थोडी मुले आहेत, त्यांतला तो एक.

आणि एक मुलगी होती. तिचे स्वाध्याय रोज वेळेवर, अक्षर सुरेख, उत्तरे बरोबर. मी ग्रुपवर तिचे कौतुक करायचे. पाचव्या महिन्यात मी ठरवले की सगळ्यांना एकेकटे फोन करून एक परिच्छेद वाचून घ्यायचा. तिला धड्याची पहिली ओळ वाचायला सांगितली. फोनवर शांतता. मग कुजबुज. मग तिचा आवाज, एक-एक शब्द. पुन्हा कुजबुज, पुन्हा एक-एक शब्द. ती मोठ्या बहिणीच्या मागून म्हणत होती. तिला वाचता येत नव्हते. पाच महिने बहीण लिहीत होती आणि शाबासकी मी देत होते.

ती फसवत नव्हती, बहीणही फसवत नव्हती. बहिणीला वाटले, बाई रागावतील, म्हणून आपण सांभाळून घेऊ. प्रत्यक्ष वर्गात हे मला पहिल्या आठवड्यात कळले असते. वाचता न येणारे मूल वर्गात सगळ्यांबरोबर वाचताना काय करते, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असते. बोट ओळीवर फिरवते, पण तोंडातला शब्द शेजाऱ्याच्या अर्धा क्षण मागून येतो. पान उलटायची वेळ झाली की आधी दुसऱ्यांकडे बघते. त्याची पाळी जवळ आली की त्याला तहान लागते. यातले काहीही फोटोत येत नाही. फोटोत फक्त उत्तर येते.

या सगळ्याचा शिक्षकाच्या मनावर काय परिणाम होतो, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही म्हणून थोडे लिहिते. वर्गात बोलताना आपण स्वतःला विसरलेले असतो. पडद्यावर मात्र दिवसभर आपलाच चेहरा आपल्यासमोर. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रा. जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत हे एक आहे. जवळून रोखलेली नजर सतत झेलणे, एका जागी खिळून राहणे आणि हावभाव समजून घ्यायला मेंदूला पडणारे जादा श्रम ही आणखी काही. मी ती वाचली तेव्हा मला रडू आले, कारण तोवर मला वाटत होते की वयामुळे मीच कमी पडते आहे. माझ्या बाबतीत तर रोखलेली नजरही नव्हती. काळ्या चौकटींना मी प्रश्न विचारायचे, सात-आठ सेकंद थांबायचे आणि उत्तर मीच द्यायचे. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी प्रश्न विचारणेच बंद केले आहे. सरळ सांगत सुटले आहे. तोवरच्या इतक्या वर्षांत मी असे कधी शिकवले नव्हते.

आमच्या शिक्षकखोलीतले एक सर दुसऱ्या लाटेत गेले. माझ्यापेक्षा वयाने लहान होते. त्यांच्या वर्गाची जबाबदारी काही महिने माझ्याकडे आली. त्यांच्या वहिनींनी त्यांची दैनंदिनी, गुणपत्रके, सगळे व्यवस्थित बांधून पाठवले. गुण होते, टक्के होते, कोणाचा कोणता घटक राहिला तेही होते. पण कोणते मूल ओरडले की मिटते, कोणाला चारचौघांत शाबासकी दिलेली चालत नाही, कोणाच्या घरी कोणाशी बोलायचे, हे त्यात कुठे नव्हते. ते त्यांच्या मनात होते. मी त्या मुलांना फोन केला तर पहिले काही दिवस कोणी बोलेचना. मग एका मुलाने विचारले, ‘सर आम्हाला पोपटराव, वाघोबा असं काहीतरी म्हणायचे. तुम्हाला माहितीये का कोण कोण ते?’ मला माहीत नव्हते. मी त्यालाच विचारून प्रत्येकाचे टोपणनाव लिहून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मुले बोलू लागली.

ही केवळ माझी किंवा आमच्या शाळेची गोष्ट नाही. युनेस्कोच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये शाळाबंदी शिगेला पोहोचली तेव्हा १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. युनिसेफने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले की किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत दूरशिक्षण कोणत्याही मार्गाने पोहोचू शकत नव्हते. रेडिओ नाही, टीव्ही नाही, इंटरनेट नाही. युगांडात तर शाळा मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, पूर्ण किंवा अंशतः बंद होत्या. तेव्हा साधने नकोत असे मी कशी म्हणेन? ती मिळालीच पाहिजेत, आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांना सर्वांत आधी.

पण साधने मिळाली की झाले, हेही खरे नाही. नेदरलँड्सचे उदाहरण पाहा. तिथे घरोघरी उत्तम इंटरनेट आहे आणि पहिल्या लाटेत शाळा आठच आठवडे बंद होत्या. तरी प्राथमिक वर्गांतल्या मुलांचे साधारण एक पंचमांश शालेय वर्षाइतके शिकणे बुडाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे जितके दिवस शाळा बंद, जवळजवळ तितकेच नुकसान. कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांचे तर त्याहूनही अधिक. कोणी म्हणेल, त्या मुलांना तर त्यांचे शिक्षक ओळखत होते. खरे आहे. ओळख असली की सगळे भरून निघते असा माझा दावा नाही, माझ्या पहिल्या वर्गाचेही बरेच राहिले. पण काय राहिले आहे आणि कोणाचे, हे मला माहीत होते. म्हणून शाळा उघडल्यावर कुठून सुरू करायचे हे पुढच्या शिक्षकाला मी सांगू शकले. दुसऱ्या वर्गाबद्दल मला तेही सांगता आले नाही.

वृत्तपत्राला लिहिते आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९३७ मध्ये शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि शाळा उघडणे लांबले. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे सुरू झाले. कोणत्या वेळी कोणता धडा आणि त्यानंतर काय करायचे, हे तिथली वृत्तपत्रे रोज छापत होती. त्या काळातले सर्वांत नवे साधन हाताशी होते आणि ते त्यांनी उत्तम वापरले. पण मला महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. पालकांच्या शंकांसाठी त्यांनी एक दूरध्वनी सेवा ठेवली होती आणि तिथे शिक्षकांना बसवले होते. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले आणि आणखी शिक्षक नेमावे लागले. धडा कानावर पडत असतानाही लोकांना कोणाशी तरी बोलायचे होते. माझे मूल, त्याची अडचण, हे कोणीतरी ऐकून घ्यायला हवे होते.

शेवटी शाळा उघडली. दुसऱ्या वर्गातली मुले पहिल्यांदा माझ्यासमोर आली, तीही मास्क लावून. नावे मला पाठ होती, आवाजही काही ओळखीचे होते, पण कोणता आवाज कोणत्या मुलाचा ते कळेना. एका मुलाने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाला, ‘बाई, तुम्ही एवढ्या उंच आहात?’ त्याने मला कायम खांद्यापर्यंतच पाहिले होते. मास्कमुळे वाचन शिकवणे अवघड होते. ‘म’ आणि ‘न’, ‘ब’ आणि ‘द’ हे मुले नुसत्या कानाने शिकत नाहीत, बाईंच्या ओठांकडे बघून शिकतात. काही अक्षरांच्या वेळी मी दारापाशी, मोकळ्या हवेत, सगळ्यांपासून लांब उभी राहायचे, मास्क खाली करून एकदा उच्चार करून दाखवायचे आणि पुन्हा चढवायचे. मुले हसायची. बाईंचे दात कसे आहेत याची त्यांना फार उत्सुकता होती.

बहिणीच्या मागून वाचणारी ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसली. तिसऱ्या दिवशी मला दिसले की ती जोडाक्षरापाशी येते आणि थांबते. साधी अक्षरे तिला येत होती. जोडाक्षरे शिकायची त्या महिन्यांत शाळा बंद झाली होती, एवढीच तिची अडचण. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटे आम्ही दोघी बसलो. सहा आठवड्यांत ती वाचू लागली. ज्याला मी पाच महिने शिकवणे म्हणत होते, त्यात तिची ही एवढी छोटी अडचण मला सापडली नव्हती.

न्यायाने बोलायचे तर पडद्यामुळे खुललेली मुलेही मी पाहिली. तोतरेपणामुळे वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा लिहून उत्तरे देऊ लागला आणि त्याला किती येते हे मला पहिल्यांदा कळले. शाळा सुरू झाल्यावरही त्याला लिहून उत्तर द्यायची मुभा मी कायम ठेवली आहे. त्या काळाने मला दिलेली ही एक चांगली गोष्ट.

आता जे नियोजन करणार आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुन्हा शाळा बंद ठेवायची वेळ आली तर निदान प्राथमिकचे शिक्षक बदलू नका. नवे वर्ष सुरू झाले तरी जुन्याच शिक्षकाला त्याच मुलांबरोबर पुढच्या इयत्तेत जाऊ द्या. हे काही जगावेगळे नाही. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत एकच वर्गशिक्षक पहिलीपासून अनेक वर्षे त्याच मुलांबरोबर पुढे जातो, तेही कोणतीही साथ नसताना. चौथीची बाई पाचवीचे गणित आठ दिवसांत तयार करू शकते. ३७ मुलांची ओळख आठ दिवसांत होत नाही, पडद्यावरून तर आठ महिन्यांतही होत नाही.

आणि शिक्षक बदलणे अटळच असेल तर वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाची एकदा तरी प्रत्यक्ष भेट होऊ द्या. पाच-पाच मुले, मोकळ्या हवेत, अंतर ठेवून, अर्धा तास. जर्मनीत शार्लोटेनबुर्गला १९०४ मध्ये क्षयाचा धोका असलेल्या अशक्त मुलांसाठी झाडांखाली शाळा भरवली गेली होती, तिथून ही कल्पना पुढे कितीतरी देशांत गेली. मोकळ्या हवेत शिकवणे शक्य आहे हे शंभर वर्षांपूर्वीच माहीत झाले होते. २०२० मध्ये ते आपल्याला सुचायला फार उशीर झाला.

तिसरे म्हणजे एकेका मुलाशी फोनवर बोलण्याचा वेळ हा शिकवण्याचा वेळ म्हणून धरा. मला त्या काळात किती तास ऑनलाइन वर्ग घेतला, किती चित्रफिती पाठवल्या, किती जणांनी त्या उघडल्या, याचा हिशेब दर आठवड्याला द्यावा लागायचा. फोनसाठी रकानाच नव्हता. माझ्या एका तरुण सहकारी शिक्षिकेने फोन करणे त्याच कारणाने सोडून दिले. तिला दोष देता येणार नाही. तिचे घर, तिचे तान्हे मूल, चार वर्गांचे ग्रुप आणि वर हे तक्ते. जे मोजले जाते तेच माणूस आधी करतो.

शाळा उघडल्यावर मुलांच्या चाचण्या झाल्या, कोण किती मागे पडले याचे तक्ते झाले. ते हवेच होते. पण त्या दोन वर्षांत कोणते मूल आधी गप्प झाले, कोणाचा फोन आधी बंद लागू लागला, कोण कशामुळे परत आले, हे ज्यांनी रोज पाहिले त्या शिक्षकांना बसवून कोणी विचारले नाही. मला तरी विचारले नाही. अनेकांकडे माझ्यासारख्याच वह्या असतील. निवृत्तीबरोबर त्या घरी जातील आणि मग रद्दीत. आपल्या दैनिकाने शिक्षकांना आवाहन करून अशा नोंदी मागवल्या आणि त्या जपून ठेवता येतील अशा एखाद्या ग्रंथालयाकडे दिल्या तर फार मोठे काम होईल. मुलांची नावे गाळून माझी वही मी द्यायला तयार आहे.

तीन पानांबाबत मात्र मी अजून थांबले आहे. दुसऱ्या वर्गातल्या तीन मुलांची ही पाने. पहिल्या नावापुढे शेवटची नोंद ‘फोन लागला, मागे गाडीचा आवाज, म्हणाला नंतर करतो’ अशी आहे. दुसऱ्यापुढे ‘नंबर अस्तित्वात नाही’. तिसऱ्यापुढे ‘आत्या बोलल्या, मूल आता इकडे नाही’. शाळा उघडली तेव्हा ही तिघे आली नाहीत. कोणत्या शाळेकडून त्यांच्या दाखल्याची मागणीही आली नाही. ती कशी दिसतात हे मला ठाऊक नाही, त्यामुळे रस्त्यात समोर आली तरी मला ओळखता येणार नाहीत. पण मला त्यांनी खांद्यापर्यंत का होईना पाहिले आहे. तिघांपैकी कोणाच्या घरी आपले दैनिक येत असेल तर त्यांनी शाळेत यावे. दाखला तयार करून ठेवला आहे, आणि कितवीत बसवायचे ते आपण बसून ठरवू.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका